विद्यापीठाच्या संकेतस्थळाचे धोरण आणि ऑनलाइन सेवा : सुरुवात कोठून करावी?

वेण्णातीर (सातारा) यांचा प्रश्न

नमस्कार. मी सातारा-सांगली भागातील एका विद्यापीठात शिकवतो आणि सध्या संकेतस्थळ समितीचे काम माझ्याकडे आहे. येत्या शैक्षणिक वर्षापासून परीक्षा अर्ज, शुल्क भरणा, गुणपत्रकाची दुय्यम प्रत, स्थलांतर प्रमाणपत्र आणि तक्रार नोंदणी या सेवा केवळ ऑनलाइन द्याव्यात, असा प्रस्ताव पुढे आला आहे. त्याआधी संकेतस्थळाचे लेखी धोरण व्यवस्थापन परिषदेपुढे ठेवावे, असे समितीला सांगण्यात आले आहे.

आजची स्थिती अशी आहे. संकेतस्थळाच्या तळाशी ‘गोपनीयता धोरण’ नावाचे एक पान आहे, परंतु तो मजकूर एखाद्या वस्तू विकणाऱ्या कंपनीकडून जसाच्या तसा उचललेला दिसतो. त्यात माल परत करण्याचे आणि घरपोच वितरणाचे नियम आहेत, विद्यार्थ्यांच्या माहितीबद्दल मात्र एक वाक्यही नाही. परिपत्रके स्कॅन करून चढवली जातात, त्यामुळे ती शोधून सापडत नाहीत, आणि रद्द झालेले वेळापत्रक नव्या वेळापत्रकाशेजारी तसेच राहते. प्रवेशाच्या काही जुन्या गुणवत्ता याद्यांत विद्यार्थ्यांची जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांकही आहेत. कोणते पान कोणी बदलायचे, हे ठरलेले नाही. विभागातून फोन येतो, तंत्रज्ञ बदल करतो आणि त्याची नोंद कोठेच राहत नाही.

मला सर्वाधिक काळजी कार्यालयातील समोरासमोर अर्ज घेणारी खिडकी बंद होण्याची वाटते. आमच्याकडे माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांतून आणि पाटण-जावळीच्या डोंगरी गावांतून विद्यार्थी येतात. पावसाळ्यात कोयनेच्या खोऱ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, आणि नेमके त्याच महिन्यांत प्रवेशाचे अर्ज असतात. सेवा ऑनलाइन व्हायला माझा विरोध नाही. त्या नीट व्हाव्यात अशी मनापासून इच्छा आहे. धोरणात नेमके काय असले पाहिजे, मजकूर टाकण्याचा अधिकार विभागांना द्यावा की एका कक्षाकडे ठेवावा, आणि सेवा सुरू करण्याआधी कोणत्या गोष्टी झाल्याच पाहिजेत, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

मिरज पूर्व यांचे उत्तर

सर, सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयाचे संकेतस्थळ मी बरीच वर्षे सांभाळत आहे. माझे सांगणे असे की, गोपनीयतेचे पान नंतर लिहा; आधी प्रत्येक पान कोणत्या पदाच्या जबाबदारीत आहे, हे ठरवा. जबाबदारी पदाच्या नावाने लिहावी, कारण माणसाची बदली किंवा निवृत्ती होते आणि पान निराधार होते. पानाच्या तळाशी पदनाम, शेवटच्या बदलाची तारीख आणि पुढील तपासणीची तारीख दिसली पाहिजे. ज्या पानाची जबाबदारी घ्यायला कोणताही विभाग पुढे येत नाही, ते पान मुख्य यादीतून काढून संग्रहात हलवावे. एवढी एक छाननी केली, तरी संकेतस्थळाचा पसारा बराच आटोक्यात येईल.

परिपत्रकांसाठी नवी पद्धत शोधण्याची गरज नाही, कारण आपल्या कार्यालयांत प्रत्येक परिपत्रकाला जावक क्रमांक असतोच. तोच क्रमांक आणि तारीख फाईलच्या नावात व दुव्यात वापरावी. एकदा प्रसिद्ध झालेली फाईल त्याच नावाने गुपचूप बदलू नये. दुरुस्ती असेल तर नव्या जावक क्रमांकाने नवे परिपत्रक काढावे आणि जुन्यावर ‘अमुक परिपत्रकाने रद्द’ असा स्पष्ट शेरा व नव्याचा दुवा द्यावा. जुने परिपत्रक पुसून टाकणेही चूक आहे, कारण आपण कोणत्या नियमाखाली प्रवेश घेतला होता, हे विद्यार्थ्याला पुढे अनेक वर्षांनी दाखवावे लागू शकते.

स्कॅनबद्दल आपण लिहिले ते योग्यच आहे. परिपत्रक संगणकावरच टंकित होते, मग छापून त्यावर सही होते आणि पुन्हा स्कॅन करून आपण त्याचे चित्र करतो. सहीची प्रत दप्तरी राहू द्यावी आणि संकेतस्थळावर मूळ मजकुराची पीडीएफ ठेवावी, मात्र तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना सारख्याच समजणाऱ्या अक्षर-संकेतांत असला पाहिजे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकित केलेला मजकूर आपल्याला पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात, त्यामुळे तो ना गुगलवर सापडतो, ना मोबाइलवर नक्कल करून कोणाला पाठवता येतो.

अधिकाराबद्दल माझे मत असे आहे की, मसुदा विभागाने करावा आणि प्रसिद्धी एकाच कक्षाने करावी. विभागांना थेट अधिकार दिले की खाती वाढतात, पासवर्ड एकमेकांना सांगितले जातात आणि एखादे जुने खाते फोडून कोणीतरी आत सट्टेबाजीच्या जाहिरातींची पाने भरते. असे प्रकार देशभरातील शैक्षणिक आणि शासकीय संकेतस्थळांवर झालेले आहेत.

आणखी दोन गोष्टी धोरणात अवश्य घ्याव्यात. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, विद्यापीठाच्याच नावावर असले पाहिजे. ‘एसी डॉट इन’ हे डोमेन अर्नेट इंडिया या केंद्र शासनाच्या संस्थेकडून संस्थेची कागदपत्रे पाहून मिळते, पण प्रवेश, निकाल किंवा परिषदांसाठी पुरवठादार आपल्या नावावर वेगळे ‘डॉट कॉम’ घेतात, करार संपला की ते सुटते आणि कोणीही विकत घेऊ शकतो. जुन्या माहितीपत्रकात मात्र तोच पत्ता छापलेला राहतो. दुसरी गोष्ट बॅकअपची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर सांगलीने पाहिले आहेत. सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअप त्याच इमारतीत, ही व्यवस्था आपल्या भागात चालणार नाही, आणि कोल्हापूरला प्रत ठेवणे हाही खरा उपाय नाही, कारण कृष्णेला पूर येतो तेव्हा पंचगंगाही पात्राबाहेर असते. एक प्रत नदीखोऱ्याबाहेर ठेवावी आणि तिच्यावरून संकेतस्थळ खरोखर उभे करता येते का, हे दर सहामाहीस करून पाहावे.

सेवा केंद्र, जत यांचे उत्तर

मी जत तालुक्यात महा-ई-सेवा केंद्र चालवतो. विद्यापीठातील मंडळी अर्जाचा नमुना तयार करताना विद्यार्थी स्वतःच्या मोबाइलवर एकटा बसून तो भरेल असे गृहीत धरतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमच्याकडे अर्ज भरायला येणाऱ्या अनेक मुलांकडे ई-मेल नसतो, असला तर त्याचा पासवर्ड आठवत नाही. मोबाइल वडिलांच्या नावावर असतो आणि वडील त्या वेळी रानात असतात. अशा वेळी केंद्रचालक स्वतःचा क्रमांक आणि स्वतःचा ई-मेल टाकून अर्ज पुढे नेतो. त्यात बहुतेकदा वाईट हेतू नसतो, परंतु त्या क्षणापासून त्या विद्यार्थ्याचे खाते केंद्रचालकाच्या हातात जाते. ओटीपी त्याच्याकडे, निकालाचा संदेश त्याच्याकडे, पासवर्ड बदलायचा तरी त्याच्याकडेच. दोन वर्षांनी मुलगी लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेली आणि तिला स्थलांतर प्रमाणपत्र हवे असले, तर ती कोणाला फोन करणार?

म्हणून माझी विनंती अशी की, पोर्टलवर ‘हा अर्ज दुसऱ्या कोणाच्या मदतीने भरला आहे’ असा रकाना असावा आणि मदतनिसाचा क्रमांक वेगळा नोंदवला जावा. एकाच मोबाइल क्रमांकावर ठरावीक संख्येपेक्षा अधिक खाती दिसली, तर त्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयात बोलावून ओळखपत्र पाहून क्रमांक दुरुस्त करून घ्यावा. क्रमांक हरवला किंवा बदलला, तर तो बदलण्याचे काम विद्यार्थ्याच्या जवळच्या महाविद्यालयातच झाले पाहिजे. त्यासाठी जतच्या मुलाला एसटीने साताऱ्यापर्यंत जायला लावू नये.

पैशाच्या बाबतीत सर्वाधिक रडारड होते. शेवटच्या दिवशी खात्यातून रक्कम कापली जाते आणि अर्ज ‘शुल्क बाकी’ असाच दिसतो. मग घाबरून विद्यार्थी दुसऱ्यांदा भरतो. पुष्कळदा याचे कारण असे असते की, भरणा झाल्याचा संदेश विद्यार्थ्याच्या ब्राउझरमधूनच परत येईल अशी पोर्टलची रचना असते, आणि नेमके त्याच वेळी नेटवर्क जाते. पेमेंट गेटवेने, म्हणजे ऑनलाइन रक्कम स्वीकारणाऱ्या मध्यस्थ यंत्रणेने, विद्यापीठाच्या सर्व्हरला परस्पर कळवले पाहिजे आणि पोर्टलनेही प्रलंबित भरण्यांची चौकशी थोड्या थोड्या वेळाने आपणहून केली पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून रक्कम गेली आणि व्यापाऱ्याकडे पोहोच झाली नाही, तर यूपीआय आणि ऑनलाइन कार्ड व्यवहारांत ती व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवी आणि त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हे शुल्काच्या पानावरच साध्या मराठीत लिहिले, तर निम्मी भीती कमी होईल. रक्कम विद्यापीठाकडे पोहोचली पण अर्जाला जोडली गेली नाही, तर मात्र बँक काही करू शकत नाही. त्यासाठी लेखा विभागाचा ठरलेला दूरध्वनी आणि उत्तराची मुदत हवी.

शेवटची तारीख रविवारी किंवा सुटीच्या दिवशी ठेवू नये. पोर्टल बंद पडले तर तेवढी मुदतवाढ आपोआप मिळेल, असे वाक्य धोरणातच असावे. आज मुदतवाढीसाठी विद्यार्थी संघटनांना निवेदन द्यावे लागते, मग परिपत्रक निघते, आणि तोपर्यंत गरीब मुलाने कोणाकडून तरी उसने घेऊन विलंब शुल्क भरलेले असते.

अजिंक्यतारा (सातारा) यांचे उत्तर

मी साताऱ्यात वकिली करतो आणि शैक्षणिक संस्थांची काही कामे पाहतो. कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संस्थांवरील मुख्य बंधने नियमांच्या अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी लागू होतात, म्हणजे विद्यापीठाकडे तयारीसाठी वेळ आहे, पण फार नाही. या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती ‘बालक’ ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते; पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणारी अनेक मुले १७ वर्षांची असतात, हे अर्जाचा नमुना करतानाच लक्षात घ्यावे. माहिती कशासाठी घेतली जाते, याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय विद्यार्थ्याला देणे कायद्याने आवश्यक आहे. म्हणजे मराठी सूचना ही सौजन्याची बाब राहिलेली नाही. सुरक्षेची वाजवी खबरदारी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. प्रत्येक कामाला संमतीच हवी असे मात्र नाही; शासन आणि शासकीय यंत्रणांनी द्यायच्या सेवा व प्रमाणपत्रांसाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे, आणि आपले विद्यापीठ तिच्या कक्षेत किती बसते, हे कायदा अधिकाऱ्याने लेखी तपासून द्यावे.

माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की, एवढी माहिती मागायचीच कशाला? परीक्षा अर्जात आधार क्रमांक, वडिलांचा व्यवसाय आणि जात प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा मागितले जाते, जरी ते प्रवेशाच्या वेळी दिलेले असते. प्रत्येक रकान्यासमोर तो कोणत्या नियमासाठी आहे आणि माहिती किती काळ ठेवली जाईल, हे लिहायला लावा. ज्या रकान्याला उत्तर मिळणार नाही, तो काढून टाका. आधार क्रमांक कोठेही जाहीर करता येत नाही, आणि पदवी व तात्पुरत्या प्रमाणपत्रांवर तो छापू नये असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्येच कळवले आहे.

निकालाबद्दलही बोलणे आवश्यक आहे. आपल्या राज्यात पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) किंवा बैठक क्रमांक आणि आईचे नाव टाकून निकाल पाहण्याची पद्धत रूढ आहे. क्रमांक ओळीने असतात आणि आईचे नाव वर्गातील सगळ्यांना ठाऊक असते, शिवाय ते गुणपत्रकावरच छापलेले असते. एकत्रित निकालासाठी हे चालून गेले असेल, परंतु संपूर्ण गुणपत्रक, छायाचित्र आणि पत्ता केवळ क्रमांक आणि आईचे नाव यांवर उघडता कामा नये. गुणपत्रक लॉगिनमागे किंवा डिजिलॉकरमध्ये ठेवावे. राष्ट्रीय शैक्षणिक भांडारामार्फत पदव्या आणि गुणपत्रके डिजिलॉकरमध्ये जमा करण्याची सोय आहेच, तेव्हा पडताळणीसाठी स्वतंत्र पोर्टल उभारण्याचा खर्च टाळता येईल.

तक्रार नोंदणीचे नियम विद्यापीठाने नव्याने शोधायचे नाहीत. आयोगाच्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियम २०२३ नुसार ऑनलाइन तक्रार आल्यापासून १५ दिवसांत ती समितीकडे गेली पाहिजे आणि समितीच्या निर्णयाविरुद्ध विद्यार्थ्याला विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे जाता येते. लोकपालाचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर सहज दिसेल अशा जागी हवा. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ मधील १७ बाबी स्वतःहून प्रसिद्ध करणे हेही बंधन आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती फाईल एकदा चढवल्यावर कोणी उघडूनही पाहत नाही. मिरज पूर्व यांनी सांगितलेली तपासणीची तारीख तेथे सर्वांत आधी लावावी.

सायबर हल्ला झाल्यास सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला ६ तासांत कळवावे लागते आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस भारतात जपून ठेवाव्या लागतात, असे तिचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. ६ तासांत कळवायचे असेल, तर रात्री ११ वाजता कोणी कोणाला फोन करायचा, हे आधीच लिहिलेले असले पाहिजे. पुरवठादाराच्या करारात या नोंदी विद्यापीठाच्या मालकीच्या असतील आणि करार संपताना सर्व माहिती वापरण्यायोग्य स्वरूपात परत मिळेल, ही अट घालावी.

विटा येथील विद्यार्थिनी यांचे उत्तर

मी पदव्युत्तर वर्गात शिकते आणि मला दिसत नाही. मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर वाचते. स्कॅन केलेले परिपत्रक माझ्यासाठी कोरा कागद आहे. युनिकोडची पीडीएफ ठेवली की ती मला कोणाच्याही मदतीशिवाय ऐकता येते, त्यामुळे मिरज पूर्व यांची ती सूचना कृपया धोरणातून गळू देऊ नये. लॉगिन करताना वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारे चित्र असते. त्याला ध्वनीचा किंवा ओटीपीचा पर्याय हवा, आणि ओटीपीसाठी दिलेला वेळ फार कमी नसावा, कारण संदेश ऐकून अंक भरायला मला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये माहिती तंत्रज्ञान सुगम असण्याची तरतूद आहे आणि शासकीय संकेतस्थळांच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही हे सर्व सविस्तर दिलेले आहे. तपासणी करताना माझ्यासारख्या एखाद्या विद्यार्थ्याला समोर बसवून अर्ज पूर्ण भरायला सांगावे. तंत्रज्ञांच्या अहवालात न दिसणाऱ्या अडचणी तेव्हाच कळतात.

वेण्णातीर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जतच्या उत्तराने प्रस्तावाकडे पाहण्याची दिशाच बदलली. समितीपुढे मी आता असा मसुदा ठेवणार आहे की, सेवा ऑनलाइन सुरू व्हाव्यात, परंतु प्रत्येक संलग्न महाविद्यालयात एक मदत खिडकी कायम राहावी आणि तेथील लिपिकाला विद्यार्थ्याच्या उपस्थितीत अर्ज भरण्याचा व मोबाइल क्रमांक दुरुस्त करण्याचा अधिकार असावा. प्रत्येक सेवेच्या पानावर जबाबदार पद, लागणारे दिवस, शुल्क आणि मुदत चुकल्यास कोणाकडे जायचे, या चार गोष्टी मराठीत लिहिल्याशिवाय ती सेवा सुरू करायची नाही, असेही वाक्य घालत आहे.

मजकूर प्रसिद्धीच्या अधिकाराबद्दल माझे मत मिरज पूर्व यांच्यापेक्षा किंचित वेगळे आहे. परीक्षेच्या काळात रात्री उशिरा बदल होतात आणि कक्षात कोणी नसते. परीक्षा विभागाला फक्त सूचना फलकापुरता थेट अधिकार द्यावा आणि दुसऱ्या दिवशी कक्षाने तो मजकूर तपासावा, असे मला वाटते.

एक प्रश्न उरतो. जुन्या याद्यांतील मोबाइल क्रमांक आणि जन्मतारखा काढायच्या आहेत. फाईल काढली तरी गुगलवर ती दिसत राहते, आणि काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे की, गुणवत्ता यादी काढून टाकणे म्हणजे पारदर्शकतेला बाधा आणणे होय.

अजिंक्यतारा

पारदर्शकतेसाठी अर्ज क्रमांक, गुण, प्रवर्ग आणि यादीतील क्रम पुरेसा आहे. जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांकाचा तिच्याशी संबंध नाही. प्रवेश प्रक्रिया आणि आक्षेपांची मुदत संपेपर्यंत यादी जाहीर ठेवावी, नंतर ती काढावी. मूळ यादी प्रवेश विभागाच्या दप्तरी राहतेच, त्यामुळे संकेतस्थळावरून काढणे म्हणजे अभिलेख नष्ट करणे होत नाही, आणि कोणी माहिती अधिकारात मागितल्यास वैयक्तिक भाग वगळून ती देता येते. काय काढले, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या आदेशाने, याची नोंदवही मात्र ठेवावी.

मिरज पूर्व

सूचना फलकापुरता थेट अधिकार देणे मलाही मान्य आहे, मात्र त्या खात्याला पासवर्डबरोबर ओटीपीचीही अट असावी आणि ते एकाच व्यक्तीच्या नावे असावे.

जुन्या फाईली काढताना पानावरचा दुवा पुसून थांबू नका. फाईल सर्व्हरवर तशीच राहिली तर पत्ता ठाऊक असलेल्याला ती उघडतेच. अपलोडचे पूर्ण फोल्डर तपासा आणि फोल्डरची यादी बाहेरच्यांना दिसत असेल तर ती बंद करा. काढलेल्या पत्त्यावर ‘कायमचे काढले’ असे सांगणारा ४१० हा संकेत परत जाऊ द्या, म्हणजे गुगलही ती नोंद पुढे वगळते. त्याआधी घाईने हटवायची असेल, तर गुगलच्या सर्च कन्सोल या संकेतस्थळ-चालकांसाठीच्या सुविधेतून विनंती करता येते. तिचा परिणाम साधारण सहा महिने टिकतो, आणि तोवर मूळ फाईल गेलेली असली पाहिजे. रोबोट्स डॉट टीएक्सटी या शोधयंत्रांना सूचना देणाऱ्या फाईलमध्ये अशा पत्त्यांची यादी लिहू नका, कारण ती फाईल कोणालाही वाचता येते आणि शोधयंत्राला फाईल गेल्याचे कळण्याचा मार्गही त्याने बंद होतो. सुरुवात गुणवत्ता याद्या, शिष्यवृत्तीच्या याद्या आणि वसतिगृह प्रवेशाच्या याद्या यांपासून करा. विशेषतः मुलींच्या वसतिगृहाच्या याद्यांत पत्ता आणि पालकांचा क्रमांक असण्याची शक्यता असते, त्यामुळे त्या धोरण मंजूर होण्याची वाट न पाहता याच आठवड्यात उतरवाव्यात.